पट्टीला रंग द्यावा, की रंगाची पट्टी शोधावी?



आजचा विषय जरा वेगळा आहे. निबंधाच्या वहीत सहसा न येणारा, पण विज्ञान, भूमिती, चित्रकला आणि कार्यानुभव या चारही तासांना एकदम हात घालणारा. विषय आहे घरी बनवलेल्या लाकडी कयाकचा आणि त्या कयाकवर नक्षीसाठी बसवल्या जाणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा.

कयाक म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असेलच. एक किंवा दोन माणसांची, लांब, निमुळती, वरून झाकलेली होडी. मध्ये बसायला गोल खळगा असतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. आपल्याकडे तारकर्लीला किंवा एखाद्या धरणाच्या जलाशयावर पर्यटकांसाठी दिसतात त्या बहुतेक प्लास्टिकच्या. मूळ कयाक मात्र आर्क्टिक भागातल्या इनुइट आणि शेजारच्या लोकांची. लाकडाचा किंवा हाडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं, अशी ती बांधलेली असे. आज अमेरिका आणि कॅनडात अनेक हौशी लोक आपल्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, लाकडाच्या बारीक पट्ट्या जोडून कयाक बनवतात. त्यावर पुस्तकंही आहेत. टेड मूर्स यांचं 'कनूक्राफ्ट' १९८३ मध्ये आलं आणि पट्ट्यांच्या होड्या बांधणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या.

या होड्यांवर दोन-तीन वेगळ्या रंगाच्या पट्ट्या घालायची पद्धत आहे. तांबूस लाकडात एक काळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा. पाण्यावर ती होडी फार देखणी दिसते. प्रश्न असा की ती काळी किंवा निळी रेघ आणायची कुठून? लाकूड रंगवायचं, की त्या रंगाचं लाकूडच शोधायचं?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आधी झाडाचा स्वतःचा रंग बघावा. तो मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर लाकडातल्या द्रव्याला रंग बदलायला लावावं. तेही जमत नसेल तर रंगद्रावण वापरावं. आणि यातलं काहीही करा, पण रंगाचा विचार कामाच्या शेवटी नको, सुरुवातीला हवा. आता हे असं का, ते पाहू.

कयाक बनते कशी?

सुमारे ६ मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर रुंद अशा लांबच लांब पट्ट्या कापतात. लाकूड बहुधा वेस्टर्न रेड सिडर. नावात सिडर असलं तरी हे आपल्या हिमालयातल्या देवदाराचं सख्खं भावंड नव्हे, कूळ वेगळं आहे. पट्टीच्या एका कडेला गोलसर उंचवटा आणि दुसऱ्या कडेला तशीच खाच करतात, म्हणजे वळणावरही एक पट्टी दुसरीत नीट बसते. होडीच्या आकाराचे आडवे साचे साधारण फूटभर अंतरावर उभे करायचे आणि त्यांवर एकेक पट्टी डिंकाने चिकटवत जायचं. डिंक वाळेपर्यंत पट्टी जागेवर राहावी म्हणून स्टेपलच्या पिना मारतात.

सगळ्या पट्ट्या बसल्या की होडी दिसते कशी? एखाद्या पिंपासारखी, पैलू पैलू असलेली. मग रंधा, मग खरवडायचं पातं, मग पॉलिश पेपर. घासून घासून तो आकार गुळगुळीत करतात. त्यानंतर आतून आणि बाहेरून फायबरग्लासचं पातळ कापड पसरून त्यावर इपॉक्सी ओततात. इपॉक्सी भिजलं की कापड काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड झळाळून दिसतं. शेवटी उन्हापासून वाचवणारं व्हार्निश.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या होडीची ताकद एकट्या लाकडात नाही. दोन कापडांच्या मध्ये लाकूड असं हे सँडविच आहे. लाकूड आणि कापड एकमेकांना घट्ट धरून आहेत तोवर होडी भक्कम. पकड सुटली तर ६ मिलिमीटरच्या सिडरची काय कथा! म्हणून लाकूड आणि इपॉक्सी यांच्यामध्ये आपण जे काही लावतो, ते नुसतं शोभेचं राहत नाही. त्यावर माणसाचा जीव तरंगत असतो.

अडचण नेमकी कुठे आहे?

नवशिक्याला वाटतं, सोपं आहे. पट्टी घ्यायची, बाजारातला रंग लावायचा, वाळवायची, चिकटवायची. झालं!

झालं नाही. कारण पुढे घासकाम आहे. थोडी भूमिती करू. १९ मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर बसवली, तर तिच्या कडा खऱ्या गोलाईपेक्षा किती वर राहतात? रुंदीचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. म्हणजे ३६१ भागिले ४८०. उत्तर सुमारे ०.७५ मिलिमीटर. गोलाई आणायची तर तेवढं लाकूड कडांवरून जाणारच. बाजूने लावलेला रंग बऱ्याचदा एवढा खोल जातच नाही. लाकडाच्या पेशी लांबट नळ्यांसारख्या असतात. रंग रेषेच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून, भराभर आत शिरतो, पण बाजूने वरवर राहतो. म्हणून आधी रंगवलेली पट्टी घासल्यावर मध्ये गडद आणि कडांना फिकी, अशी ठिगळासारखी दिसते.

दुसरी अडचण भुश्श्याची. काळ्या पट्टीचा बारीक भुसा शेजारच्या पांढऱ्या स्प्रूसच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि पांढरी रेघ मळकट राखी होते. तिसरी अडचण डिंकाची. सांध्यातून बाहेर आलेला डिंक वेळीच पुसला नाही तर त्या जागी रंग धरतच नाही आणि पांढरे डाग उमटतात.

म्हणजे रंग हा शेवटचा साज नाही. कोणती पट्टी कुठे बसणार, तिथे वळण किती, घासणं किती, हे ठरवतानाच रंगाचंही ठरवावं लागतं.

पहिला मार्ग: झाडाचाच रंग

निसर्गात रंगांची काही कमी नाही. रेड सिडरच्याच वेगवेगळ्या ओंडक्यांत फिक्या गव्हाळपासून गडद चॉकलेटीपर्यंत छटा मिळतात. अलास्कन यलो सिडर पिवळसर, स्प्रूस जवळजवळ पांढरा, अक्रोड तपकिरी, पडौक नारिंगी, पर्पलहार्ट नावाप्रमाणे जांभळा.

हा मार्ग नवा नाही. म्हैसूरचं शिसवी लाकडातलं जडावकाम तुम्ही पाहिलं असेल. त्यातली झाडं, हत्ती, माणसं वेगवेगळ्या लाकडांच्या अंगच्या रंगांतून उभी राहतात. १५व्या शतकात इटलीतल्या कारागिरांना जडावकामात हिरवा रंग हवा होता. हिरवं लाकूड कुठून आणणार? त्यांनी एका बुरशीने हिरवंनिळं झालेलं लाकूड शोधून वापरलं. क्लोरोसिबोरिया नावाची ही बुरशी लाकडात रंगद्रव्य सोडते आणि शेकडो वर्षांनंतरही तो हिरवा रंग ओळखू येतो. कारागिराची नजर किती बारीक असते बघा, कुजक्या फांदीतही त्याला रंग सापडला!

अंगच्या रंगाचा सगळ्यात मोठा फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. कयाक म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नाही. ती दगडांवर घासणार, किनाऱ्यावर ओढली जाणार. एखादा ओरखडा व्हार्निश, इपॉक्सी आणि कापड पार करून लाकडापर्यंत गेला, तर अक्रोडाच्या पट्टीत खालीही अक्रोडच असतो. घासा, पुन्हा इपॉक्सी लावा, काम झालं. वरवर रंगवलेल्या पट्टीत मात्र खालचं पांढरं लाकूड उघडं पडतं.

पण थोडं गणितही करू

आता कुणी म्हणेल, "सर, मग रंगवायचंच कशाला? सगळं झाडाचंच घ्या की!" तसंही नाही. या मार्गाला तीन अडचणी आहेत आणि त्या मान्य केल्याच पाहिजेत.

पहिली वजनाची. पाच मीटर लांब, १९ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टीचं घनफळ ०.०००५७ घनमीटर. रेड सिडरची घनता साधारण ३७० किलो प्रति घनमीटर, म्हणजे पट्टीचं वजन सुमारे २१० ग्रॅम. अक्रोडाची घनता साधारण ६१० धरली तर वजन सुमारे ३५० ग्रॅम. पर्पलहार्टची ८८०च्या आसपास धरली तर ५०० ग्रॅम. सिडरऐवजी अशा चार जांभळ्या पट्ट्या घातल्या तर होडी सव्वा किलोच्या आसपास जड होते. पाच मीटरची अशी कयाक सगळी मिळून साधारण २० किलोची असते. तिला एकट्याने खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जाणाऱ्याला हा सव्वा किलो जाणवतो.

दुसरी घासण्याची. मऊ सिडरच्या शेजारी कठीण लाकूड आलं की पॉलिश पेपर मऊ लाकूड जास्त खातो आणि कठीण पट्टी वरंब्यासारखी वर राहते. हात फिरवला की लगेच कळतं. इथे रंगवलेली सिडरची पट्टी सरस ठरते, कारण ती शेजारणीइतकीच मऊ असते.

तिसरी अडचण जंगलाची आणि माझ्या मते ही सगळ्यात गंभीर. रंगीत लाकडांपैकी बरीच उष्ण प्रदेशातली, हळू वाढणारी झाडं आहेत. शिसवीच्या कुळातल्या, म्हणजे डाल्बर्जिया गटातल्या झाडांवर तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. एका रेघेसाठी दूरच्या जंगलातलं झाड पाडायचं, हे काही मनाला पटत नाही. फर्निचर बनवणारे युरोपातले सुतार पूर्वीपासून एबनीच्या ऐवजी नासपतीच्या जातीचं लाकूड काळं करून वापरत आले आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

एक बारीकशी गोष्ट आणखी. झाडाचा रंगही कायमचा नसतो. पर्पलहार्ट आणि पडौक दोन्ही उजेडात हळूहळू तपकिरी होत जातात. आज जांभळी दिसणारी रेघ काही वर्षांनी अक्रोडासारखी दिसू लागली तर नवल नको.

दुसरा मार्ग: लाकूड आणि लोखंड

मला सगळ्यात आवडतो तो हा मार्ग. बऱ्याच लाकडांत टॅनिन असतं, म्हणजे चहात, कच्च्या केळ्यात, हिरड्यात असतं तेच तुरट द्रव्य. टॅनिन आणि लोखंडाचे क्षार एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं लिहायची शाई याच रसायनाने बनत होती. आंध्रातल्या कलमकारीतला काळा रंगही असाच येतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात आणि मग लोखंडाचे तुकडे व गूळ आंबवून केलेलं पाणी कलमाने लावतात. कलम टेकताच रेघ काळी पडते. तोच हिरडा आपल्या सह्याद्रीत जुन्नर, भीमाशंकर भागात गोळा होतो.

होडीसाठी कृती सोपी आहे. साध्या लोखंडाचे बारीक खिळे किंवा लोखंडी कीस काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवायचा. स्वयंपाकघरातली स्टेनलेसची घासणी इथे उपयोगाची नाही, ती गंजायला तयार होत नाही. बरणीचं झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. द्रावण गाळून अक्रोड किंवा ओकसारख्या लाकडावर लावलं की काही मिनिटांत लाकूड काळवंडतं. स्प्रूससारख्या कमी टॅनिनच्या लाकडाला आधी कडक कोरा चहा लावून वाळवायचा आणि मग द्रावण लावायचं.

इथे रंग वर बसत नाही, लाकडातलंच द्रव्य रंग बदलतं. उन्हालाही तो बऱ्यापैकी टिकतो. मात्र हाही पृष्ठभागाजवळच राहतो, तेव्हा घासकाम आटोपल्यावरच लावावा. आणि हेच रसायन शत्रूही होतं, बरं का! रेड सिडरमध्येही असं द्रव्य असतं. ओल्या सिडरवर लोखंडी खिळा किंवा तारेच्या घासणीचा तुकडा राहिला तर नको तिथे काळा डाग पडतो. शेजारच्या पट्टीवर द्रावणाचा एक थेंब उडाला तरी तेच.

तिसरा मार्ग: रंगद्रावण

निळा हवा असेल तर? झाडाकडून तो मिळणं कठीण. मग रंगद्रावणाला पर्याय नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अवघ्या १८ वर्षांचा मुलगा कृत्रिम क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. तिथून ॲनिलीन रंगांचं युग सुरू झालं. लाकडाचे पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळणारे रंग याच परंपरेतले.

बाजारात लाकडासाठी दोन प्रकार मिळतात आणि त्यांतला फरक कळायलाच हवा. एकात रंग पूर्ण विरघळलेला असतो, तो लाकडात मुरतो आणि लाकडाच्या रेषा झाकत नाही. दुसऱ्यात रंगाची बारीक पूड तेलात किंवा चिकट माध्यमात तरंगत असते आणि ती छिद्रांत साचते. तेलाचा थर राहिला तर इपॉक्सीची लाकडावरची पकड कमी होऊ शकते. सँडविचची गोष्ट आठवा! म्हणून होडीसाठी मी तेलकट प्रकाराच्या विरोधात आहे. टेबलाला चालेल, कयाकला नको.

द्रावण वापरायचंच तर क्रम असा ठेवावा. आधी सगळं घासकाम पूर्ण. भुसा नीट झटकून, शोषून घ्यायचा. रेघेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. पट्टीच्या लांबीच्या दिशेने रंग फार फुटत नाही, कारण सांध्यातला डिंक बांधासारखा अडवतो. पण रेषेला आडवी कड असेल तिथे धारदार सुरीने हलकीशी खूण करावी, म्हणजे रंग नळ्यांतून पुढे धावत नाही. पाण्यातला रंग असेल तर लाकूड पूर्ण वाळू द्यावं. मग इपॉक्सीचा एक पातळ हात देऊन रंग बंद करावा आणि तो घट्ट झाल्यावर, हलकं घासून, पुढे कापड घालावं.

अजून एक गोष्ट. काळ्या रेघा बारीकच ठेवाव्यात. गडद रंग ऊन जास्त पितो आणि साध्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. एक काळी रेघ ठीक, पण पूर्ण काळी पाठ घेऊन होडी भर उन्हात किनाऱ्यावर ठेवणं बरं नाही.

आधी तुकडा, मग होडी

कोणताही मार्ग घ्या, नियम एकच. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर सगळी कृती आधी करून पाहायची. रंग, इपॉक्सी, कापड, व्हार्निश, सगळं. इपॉक्सी पूर्ण घट्ट झालं की कापडाची कड उचकटून बघायची. कापडाबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले तर पकड चांगली. कापड स्वच्छ सुटून आलं तर तो रंग होडीवर नको. दुसरा तुकडा अर्धा झाकून काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवायचा. झाकलेल्या आणि उघड्या भागांतला फरक बघितला की पुढच्या काही वर्षांचा अंदाज येतो.

आणि मास्क विसरू नका. रेड सिडरच्या भुश्श्यातल्या प्लिकॅटिक आम्लाने काहींना दमा होतो. इपॉक्सी हाताला लागत राहिलं तर त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे हातमोजेही हवेत.

आपल्या वर्गात याचं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्या शाळेत कुठे कयाक बनते? खरं आहे. पण हस्तकलेच्या तासाला आपण काय करतो ते आठवा. वस्तू आधी कशीबशी जोडतो आणि उद्या प्रदर्शन आहे म्हणून आदल्या संध्याकाळी तिच्यावर रंगाचे फटकारे मारतो. जिथे सांधा चुकला तिथे रंग जरा जाड! मुलांच्या मनात मग एक समज पक्का होतो की रंग म्हणजे झाकण.

रंग लावण्याला माझा विरोध नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी झगझगीत रंगवलेलीच असतात आणि ती तशीच शोभतात, कारण तिथे रंग हाच त्या वस्तूचा भाग आहे, तो आधीपासून ठरलेला आहे. मुद्दा एवढाच की काय झाकायचं आणि काय दाखवायचं, हे आधी ठरलेलं असावं. पारदर्शक कापडाखालच्या पट्टीत काहीच झाकता येत नाही. डिंकाचा डाग, राहिलेला भुसा, घाईत लावलेला रंग, सगळं काचेतून दिसावं तसं दिसत राहतं.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, एक तास एवढंच करून बघा. हातमोजे घाला. लाकडाच्या पाच-सहा तुकड्यांवर कोरा चहा, हिरड्याचं पाणी आणि नुसतं पाणी लावा. वाळल्यावर सगळ्यांवर खिळ्यांचं व्हिनेगर लावा. कोणता तुकडा किती काळा झाला आणि का, हे मुलांनाच लिहू द्या. मग तुकडे घासायला सांगा आणि रंग किती खोल गेला होता ते मोजायला लावा. रसायनशास्त्र, मोजमाप आणि निबंध, तिन्ही एका बाकावर होतील.

थोडक्यात सांगायचं तर, आधी झाड, मग झाडातलं द्रव्य, मग बाहेरचा रंग, आणि या सगळ्याच्या आधी विचार. कयाक बांधणाऱ्याला हा क्रम पाळावाच लागतो, कारण त्याला स्वतःला त्याच होडीत बसून पाण्यात जायचं असतं. तुम्हाला हा क्रम पटतो का? की निळ्या रेघेसाठी तुम्ही थेट रंगाच्या बाटलीकडेच जाल? मुलांना विचारा, वर्गात मस्त वाद रंगेल!